पुराव्यावरील आक्षेप

पुराव्यावरील आक्षेप : दिवाणी दाव्यात वा फौजदारी खटल्यात एका पक्षाने पुढे केलेला पुरावा न्यायालयाने विचारात घेऊ नये, अथवा तो ज्या रीतीने पुढे आणला जात आहे ती रीत कायद्यास धरून नाही, अशा आशयाची दुसऱ्या पक्षाने घेतलेली हरकत. असा आक्षेप साक्षीदारास विचारलेल्या प्रश्नावर, त्याच्या उत्तरावर, दस्तऐवजावर किंवा मुद्देमालातील वस्तूवर घेता येतो. साक्षीदार खोटे बोलत आहे, ही तक्रार या अर्थाने आक्षेप ठरत नाही. ती उलटतपासणीची आणि अखेरच्या युक्तिवादाची बाब होय.

भारतात या विषयाचा मूलाधार दीर्घकाळ भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ हा होता. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीव्हन यांनी मसुदा तयार केलेला हा अधिनियम १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात आला आणि १ जुलै २०२४ रोजी त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. तथापि त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्या पुरावा अधिनियमानुसारच पुढे चालवावयाची, असे नव्या अधिनियमाच्या कलम १७० मध्ये म्हटले आहे. साहजिकच एकाच न्यायालयात एकाच दिवशी दोन्ही अधिनियम वापरले जातात. बहुतेक तत्त्वे तीच राहून कलमांचे क्रमांक बदलले असल्याने या नोंदीत नव्या कलमापुढे जुने कलम कंसात दिले आहे.

पुराव्यासंबंधी तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. पहिला ग्राह्यतेचा : कायदा असा पुरावा ऐकू देतो काय? दुसरा शाबितीचा : तो योग्य साक्षीदारामार्फत व योग्य रीतीने पुढे आला आहे काय? तिसरा वजनाचा : आलेल्या पुराव्यावर कितपत विसंबावे? समजा, जमिनीच्या व्यवहाराच्या दाव्यात वादी साठेखताची छायाप्रत दाखल करतो. साठेखतावर पुरेसे मुद्रांक शुल्क भरले आहे की नाही, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न होय. मूळ दस्त हरवला आहे किंवा प्रतिवादीच्या ताब्यात असून नोटीस देऊनही त्याने तो हजर केलेला नाही, हे दाखवल्याखेरीज छायाप्रत दुय्यम पुरावा म्हणून चालत नाही (कलम ६०, जुने कलम ६५). हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न. सही कोणी ओळखली, हाही त्यातलाच. दस्तात लिहिलेली रक्कम खरोखर दिली गेली काय, हा प्रश्न या सर्वांनंतर येतो. प्रत्यक्ष कामकाजात हे तिन्ही प्रश्न ‘हरकत आहे’ या एकाच वाक्यात कोंबले जातात आणि मग कोणत्याच प्रश्नाचा नीट निर्णय होत नाही.

आक्षेपाची वेळ : आक्षेप केव्हा घेतला, यावर त्याचे भवितव्य बहुतांशी अवलंबून असते. आर. व्ही. ई. वेंकटाचल गौंडर यांच्या प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपांचे दोन वर्ग केले. दस्तऐवज मुळातच अग्राह्य असेल, तर त्यावर निशाणी पडली तरी तो ग्राह्य होत नाही आणि हा आक्षेप पुढे, अपिलातही, घेता येतो. दस्तऐवज ग्राह्य असून केवळ शाबितीची रीत सदोष असेल, तर मात्र हरकत त्याच वेळी घेतली पाहिजे. ती न घेणाऱ्याने ती सोडून दिली असे समजले जाते. या भेदामागील कारण न्याय्य आहे. वेळेवर हरकत आली असती, तर समोरच्या पक्षाला मूळ दस्त आणता आला असता किंवा योग्य साक्षीदार बोलावता आला असता. तो उणीव भरून काढील म्हणून आता गप्प राहावे आणि युक्तिवादाच्या वेळी तीच उणीव पुढे करावी, हा डाव काही वकिलांना अजूनही चतुराईचा वाटतो. वरील निर्णयाने तो बंद केला आहे.

मुद्रांकाच्या आक्षेपाला तर याहून कडक नियम आहे. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त शुल्क व दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेता येत नाही (महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, कलम ३४); परंतु तो एकदा घेतला गेला की त्याच दाव्यात मुद्रांकाचा प्रश्न पुन्हा उकरता येत नाही (कलम ३५). जावरचंद वि. पुखराज सुराणा (१९६१) या निर्णयात केंद्रीय मुद्रांक अधिनियमातील समान तरतुदीचा असाच अर्थ लावण्यात आला. दस्तावर निशाणी पडण्यापूर्वीचे काही क्षण म्हणूनच महत्त्वाचे असतात. त्या क्षणी वकील पुढच्या साक्षीदाराची टिपणे चाळत असेल, तर अशिलाचे नुकसान होऊन गेलेले असते.

हरकतीवर निर्णय लगेच द्यावा की अखेरीस, याविषयी न्यायालयांची भूमिका बदलत गेली आहे. बिपिन शांतिलाल पांचाळ यांच्या प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक हरकतीवर खटला अडून राहू नये. हरकतीची नोंद करून दस्तास तात्पुरती निशाणी द्यावी आणि निर्णय अखेरच्या निकालात करावा. मुद्रांकाची हरकत तेवढी अपवाद. यामुळे खटले वेगाने चालतील व अपिलीय न्यायालयापुढे सगळा पुरावा राहील, अशी अपेक्षा होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हेमेंद्र रसिकलाल घिया यांच्या प्रकरणात (२००८) दिवाणी दाव्यांपुरता अधिक बारकाईचा विचार केला. मुद्रांकाची हरकत व शाबितीच्या रीतीची हरकत दस्तावर निशाणी पडतेवेळीच निकालात काढावी आणि मुळातच अग्राह्य असल्याची हरकत मात्र अखेरपर्यंत राखून ठेवण्यास प्रत्यवाय नाही, असे या पीठाने ठरवले. पुढे २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतील उणिवांविषयी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच २००१ च्या पद्धतीला मुरड घातली. साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नावरील हरकतीचा निर्णय शक्यतो तेव्हाच आणि न जमल्यास निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा, असे त्यात म्हटले आहे. सर्व हरकती राखून ठेवण्याच्या प्रथेने साक्ष अवांतर प्रश्नोत्तरांनी फुगत गेली होती, हे पाहता हा बदल इष्टच होय.

निर्णय राखून ठेवला गेल्यास वकिलाचे काम संपत नाही. नोंदीत नुसती ‘हरकत घेतली’ एवढीच अक्षरे असतील, तर अपिलीय न्यायालयाला त्यातून काही कळत नाही. कारण एका ओळीत लिहून घेणे आवश्यक असते. राखून ठेवलेल्या हरकतींची यादी अखेरच्या युक्तिवादात न्यायालयापुढे ठेवावी लागते, अन्यथा तात्पुरती निशाणी निकालपत्रात नकळत कायम होऊन बसते. सूचक प्रश्नावरील हरकत (कलम १४६, जुनी कलमे १४१ ते १४३) उत्तर येण्यापूर्वीच घेतली पाहिजे, हे उघड आहे. मात्र प्रत्येक प्रश्नाला उठून उभ्या राहणाऱ्या वकिलाची खरी हरकतही न्यायाधीशाला ऐकू येईनाशी होते.

निशाणी आणि शाबिती : दस्तावर निशाणी पडली म्हणजे तो शाबीत झाला, हा समज पक्षकारांत तर आहेच, पण तो वकिलांतही आढळतो. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत दावाअर्जालाच ‘निशाणी १’ म्हणतात आणि तात्पुरत्या मनाईहुकुमाचा अर्ज ‘निशाणी ५’ या नावानेच ओळखला जातो. ही कागदपत्रे काही पुरावा नव्हेत. निशाणी ही प्रथमतः ओळखीची खूण असते. दस्त हजर करून त्यावर निशाणी पडणे म्हणजे त्याची शाबिती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने नर्बदादेवी गुप्ता यांच्या प्रकरणात (२००३) स्पष्ट केले आहे. दस्त शाबीत होणे व त्यातील मजकूर खरा असणे याही वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओमप्रकाश बर्लिया वि. युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया (१९८३) या निर्णयात हा भेद तपशिलाने मांडलेला आहे. पत्र अमक्याने लिहिले हे शाबीत झाले, म्हणजे पत्रात सांगितलेली घटना घडली हे आपोआप शाबीत होत नाही. त्यासाठी घटना पाहिलेला माणूसच साक्षीस यावा लागतो.

दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होऊ लागल्यापासून या बाबतीत ढिलाई आली आहे. प्रतिज्ञापत्राच्या अखेरीस दस्तांची यादी जोडून ‘यांवर निशाणी पडावी’ अशी विनंती केली जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ४ मधील परंतुकानुसार अशा दस्तांची शाबिती व ग्राह्यता न्यायालयाच्या आदेशावर अवलंबून आहे. तेव्हा उलटतपासणीस प्रारंभ करण्यापूर्वी दस्तवार आदेश मागणे हा विरुद्ध पक्षाच्या वकिलाचा हक्क आहे.

पूर्वीचे जबाब : पोलिसांनी तपासात नोंदवलेला साक्षीदाराचा जबाब हा स्वतंत्र पुरावा नाही. तो साक्षीदाराच्या न्यायालयातील साक्षीशी असलेली विसंगती दाखवण्यापुरता वापरता येतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८१, जुने कलम १६२). ही विसंगती कशी सिद्ध करावी, याची रीत साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ (जुने कलम १४५) मध्ये आहे आणि चुका मुख्यतः येथेच होतात. जबाबातील नेमका भाग साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो. ‘असे मी सांगितले होते’ हे त्याने मान्य केले, तर काम भागते. त्याने नाकारले, तर तेवढ्या भागास ‘अ’ अशी खूण करून पुढे तपासी अंमलदाराच्या साक्षीत ‘हा भाग साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणे मी लिहिला’ असे वदवून घ्यावे लागते. ही दुसरी पायरी राहिली, की विसंगती पुराव्यात येतच नाही. तपासी अंमलदार बहुधा शेवटचा साक्षीदार असतो आणि तोवर महिने, कधी वर्षे, गेलेली असतात. खूण केलेल्या भागांची टाचणी बचावाच्या वकिलाने पहिल्या दिवसापासून ठेवली नसेल, तर आरोपीच्या बाजूची सर्वांत बळकट गोष्ट निकालाच्या वेळी अस्तित्वातच नसते. सरकारी वकिलासही हे बंधन आहे. साक्षीदार फितूर झाल्यावर न्यायालयाच्या परवानगीने त्याची उलटतपासणी घेता येते (कलम १५७, जुने कलम १५४), परंतु जबाबातील भाग त्याच रीतीने शाबीत करावे लागतात. फितूर ठरल्यामुळे त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही. तिचा विश्वसनीय भाग दोन्ही पक्षांना वापरता येतो.

न्यायालयात सांगितलेली गोष्ट जबाबात नसणे, हीही विसंगती ठरू शकते. तहसीलदार सिंग वि. उत्तर प्रदेश राज्य (१९५९) या निर्णयात याची कसोटी चर्चिली आहे. प्रत्येक गाळलेला तपशील विसंगती होत नाही. जबाबात सांगितलेली हकिकत व साक्षीतील हकिकत एकत्र उभ्या राहू शकत नाहीत, इतका तो महत्त्वाचा असला पाहिजे.

येथे भाषेचा एक प्रश्न उद्‌भवतो, त्याकडे पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष जात नाही. जबाब मराठीत असतो, साक्षही मराठीत होते, पण विसंगतीचा वाद पुष्कळदा इंग्रजी भाषांतरावरून चालतो. ‘त्याने मारले’ या बोलण्यात मारहाण व जीवे मारणे हे दोन्ही अर्थ संभवतात. भाषांतरकाराने एका ठिकाणी एक व दुसऱ्या ठिकाणी दुसरा अर्थ घेतला, तर साक्षीदाराच्या तोंडी कधीच नसलेली विसंगती निर्माण होते. म्हणून साक्षीदारापुढे जबाबातील मूळ मराठी शब्दच ठेवावेत आणि नोंदीतही ते तसेच उतरवून घ्यावेत.

कबुलीजबाब व वस्तूची हस्तगती : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, मात्र कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या गोष्टीशी स्पष्टपणे निगडित असा माहितीचा भाग पुराव्यात घेता येतो (कलम २३, जुनी कलमे २५ ते २७). पुलुकुरी कोटय्या यांच्या प्रकरणात (१९४७) प्रिव्ही कौन्सिलने आखून दिलेली मर्यादा आजही प्रमाण मानली जाते. लपवलेला सुरा काढून देतो, एवढे ग्राह्य. त्याच सुऱ्याने अमक्याला भोसकले, हे अग्राह्य. मुंबईच्या हाजी बंदरातील रासायनिक द्रव्याच्या तीन पिंपांच्या चोरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हाच नियम लावला. पिंपे कोठे ठेवली ते सांगतो, हा आरोपीच्या निवेदनाचा भाग न्यायालयाने घेतला आणि ती बंदरातून आपण उचलली, हा भाग वगळला. उरलेल्या भागातून एवढेच निष्पन्न होत होते, की पिंपे कोठे आहेत हे आरोपीला ठाऊक होते. ती क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्याच्या आवारात, कोणालाही जाता येईल अशा जागी, पडलेली होती. तेवढ्यावरून चोरी शाबीत होत नसल्याने आरोपी सुटला.

निवेदनाचा पंचनामा लिहिताना आरोपीचे सगळे बोलणे उतरवले जाते आणि संपूर्ण पंचनाम्यावर एक निशाणी पडते. अग्राह्य भाग कंसात टाकून तो वाचला जाऊ नये, अशी मागणी पंच साक्षीदार पिंजऱ्यात असतानाच करावी; एकदा वाचलेले न्यायाधीशाने मनातून पुसावे, ही अपेक्षा कागदावरच बरी. हस्तगत वस्तूच्या मोहोरबंदीचा, पंचांच्या सहीच्या चिठ्ठीचा, मुद्देमाल नोंदवहीतील नोंदीचा आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत ती पोचल्याच्या तारखेचा प्रश्न मात्र सामान्यतः वजनाचा असतो. त्याला हरकत नव्हे, उलटतपासणी लागते. वस्तू वा ध्वनिफीत बेकायदा मार्गाने मिळवली, एवढ्याच कारणाने ती अग्राह्य ठरत नाही, हे आर. एम. मलकानी वि. महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९७२ मध्ये ठरलेले आहे.

मृत्युपूर्व जबाबाबाबतही वजनाच्या प्रश्नाची ग्राह्यतेशी गल्लत होते. असा जबाब विश्वसनीय असल्यास केवळ त्याच्या आधारे दोषी ठरवता येते (नागपूरचे खुशालराव वि. मुंबई राज्य प्रकरण, १९५८). रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत होता, असा डॉक्टरांचा शेरा नसणे ही घातक उणीव नव्हे. जबाब घेणाऱ्याची साक्ष त्याविषयी समाधानकारक असावी, असे लक्ष्मण वि. महाराष्ट्र राज्य (२००२) या प्रकरणात घटनापीठाने म्हटले आहे.

इलेक्ट्रॉनिक पुरावा : ध्वनिचित्रफिती, भ्रमणध्वनीवरील संदेश, संभाषणांच्या नोंदी, कॅमेऱ्यांचे चित्रण यांच्या प्रती न्यायालयात आणताना प्रमाणपत्र लागते (कलम ६३, जुने कलम ६५-ब). हे प्रमाणपत्र नसले तरी इतर मार्गाने शाबिती करता येईल, असे २००५ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात म्हटले गेले. अन्वर पी. व्ही. वि. पी. के. बशीर (२०१४) या निर्णयाने ते मत रद्द केले. मध्यंतरी २०१८ मध्ये पुन्हा सवलतीचा सूर निघाला. अखेर अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे निश्चित केले.

हे शेवटचे प्रकरण जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचे आहे. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजण्याच्या मुदतीनंतर दाखल झाला की काय, हा वादाचा मुद्दा होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रीकरणात त्याचे उत्तर होते. अर्जदारांनी प्रमाणपत्र पुन्हापुन्हा मागूनही ते अधिकाऱ्यांनी दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नियम कडक ठेवला. परंतु पक्षाने आपल्या हातचे सर्व उपाय योजूनही प्रमाणपत्र मिळत नसेल, तर कायदा अशक्य गोष्टीचा आग्रह धरीत नाही, असे म्हणून या अर्जदारांना त्यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवलेली निवडणूक रद्दच राहिली. यातून व्यवहाराला उपयोगी असे पुष्कळ मिळते. प्रमाणपत्राची लेखी मागणी करावी, नकार वा मौन नोंदीत आणावे, मग ते हजर करण्याचा हुकूम न्यायालयाकडून घ्यावा; प्रमाणपत्र दोषारोपपत्रासोबत नसले तरी खटला संपण्यापूर्वी ते दाखल करण्याची परवानगी मिळू शकते. मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. दुसरीकडे, प्रमाणपत्राअभावीची हरकत शाबितीच्या रीतीची असल्याने ती अपिलात प्रथमच घेता येत नाही, असे सोनू वि. हरियाणा राज्य (२०१७) या निर्णयात म्हटले आहे.

नव्या अधिनियमाने प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीतच दिला असून त्याचे दोन भाग आहेत : एक पक्षाने भरावयाचा, दुसरा तज्ञाने. दोन्हींत अभिलेखाचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे अभिलेखातील सर्व अंकांवरून ठराविक गणिती पद्धतीने काढलेली एक खूण. अभिलेखात एक अक्षर बदलले तरी ती बदलते. जप्तीच्या वेळी काढलेले मूल्य व न्यायालयातील प्रतीचे मूल्य जुळले, तर मधल्या काळात फेरफार झाला नाही हे सांगता येते. जप्तीच्या वेळी ते काढलेच नसेल, तर नंतरच्या प्रमाणपत्राने ती पोकळी भरत नाही. नव्या कलम ५७ च्या स्पष्टीकरणांनी काही इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना प्राथमिक पुराव्याचा दर्जा दिला आहे. त्याचा कलम ६३ शी मेळ कसा घालावयाचा, याबाबत युक्तिवादास जागा आहे. व्यवहारात सर्वांत मोठा शत्रू मात्र विलंब हाच. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी त्याच यंत्रात नव्या चित्रणाखाली पुसले जाते. ते जपून ठेवण्याची नोटीस वकीलपत्र दाखल झाल्याच्या आठवड्यातच गेली पाहिजे.

आरोपीची विचारणा : पुरावा ग्राह्य व शाबीत असूनही तो आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असा एक प्रसंग आहे. आरोपीविरुद्ध जाणारी प्रत्येक परिस्थिती त्याच्यापुढे ठेवून खुलासा मागावा लागतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५१, जुने कलम ३१३). पुण्यातील शरद बिर्धीचंद सारडा वि. महाराष्ट्र राज्य (१९८४) या खटल्यात सत्र व उच्च न्यायालयांनी आरोपीस मृत्युदंड दिला होता. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने याच निर्णयात सांगितल्या, शिवाय आरोपीपुढे न ठेवलेल्या परिस्थिती विचारातून वगळल्या आणि त्यास दोषमुक्त केले. दीडदोनशे प्रश्नांची छापील यादी वाचून ‘खोटे आहे’ अशी उत्तरे टिपून घेणे म्हणजे ही विचारणा नव्हे; अनेक मुद्दे एकाच लांब प्रश्नात गोवल्यास तेही पुढे आक्षेपास कारण होते.

अपिलातील परिणाम : पुरावा चुकीने घेतला वा नाकारला गेला, एवढ्यावरून निकाल रद्द होत नाही. तो पुरावा बाजूला ठेवूनही उरलेला पुरावा निकालास पुरेसा आहे काय, किंवा नाकारलेला पुरावा घेतला असता तर निकाल बदलला असता काय, हे पाहिले जाते (कलम १६९, जुने कलम १६७). त्यामुळे अपीलकर्त्याच्या वकिलाने हरकत बरोबर होती एवढेच दाखवून चालत नाही. आक्षेपित पुरावा निकालपत्राच्या कोणकोणत्या परिच्छेदांचा आधार झाला आहे, ते त्याला निशाणीवार दाखवावे लागते.